न वाचता केलेली सही

उजू,

तू गेलीस हे मला शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं. अर्धवार्षिक परीक्षेचे गुण आजच पोर्टलवर भरा, असा एक निरोप होता आणि त्याच्या खाली ‘अत्यंत दुःखद सूचना’ म्हणून तुझा फोटो. पंधरा ऑगस्टचा, हिरव्या काठाच्या पांढऱ्या साडीतला. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांगच रांग. मी सातवीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होते. फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि फळ्यावरचं उदाहरण पुरं केलं. मुलींच्या वह्या तपासल्या. रडू आलं ते दुपारी, डबा उघडल्यावर, आणि तेही तू गेलीस म्हणूनच आलं का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की आता ही मला कधीच सांगणार नाही.

अडीच वर्षं मी वाट पाहिली. एखाद्या रविवारी तू देवासच्या घराची बेल वाजवशील, दारातच उभी राहून म्हणशील, ‘नंदा, मी तेव्हा खोटं बोलले.’ तेवढंच हवं होतं. तू नुसती आली असतीस तरी मी चहा ठेवला असता, मग भांडले असते, मग कदाचित पोळ्या लाटायला बसवलं असतं तुला. आता तू इंदूरच्या दवाखान्यात तीन दिवस बेशुद्ध राहून निघून गेलीस. मला कुणी फोनसुद्धा केला नाही. कसा करणार? आपलं बोलणं नाही हे सगळ्या शाळांना ठाऊक होतं.

आपण एकाच दिवशी नोकरीवर रुजू झालो होतो. मी धारची, लग्न होऊन देवासला आलेली, नव्या गावात कुणाची ओळख नाही. हाटपिपल्याच्या अलीकडच्या त्या गावातल्या मिडल स्कूलची ऑर्डर हातात घेऊन मी देवासच्या बसस्टँडवर उभी होते आणि तू माझ्या हातातला कागद बघून विचारलंस, ‘तुम्ही पण तिथंच? मराठी आहात ना? कुंकवावरून कळलं.’ पहिल्याच दिवशी तू खिडकीची जागा मला दिलीस. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या जागेवर तुझी पर्स ठेवलेली असायची, माझ्यासाठी. कंडक्टर कुरकुरला तर तू म्हणायचीस, ‘भिया, मेरी बहन बैठेगी इधर.’ अकरा वर्षं मी तुझी बहीण होऊन त्या बसमध्ये बसले.

तू देवाधर्माची, मी नव्हे. तू पहाटे उठून पूजा करूनच निघायचीस, आणि शहर मागे पडेपर्यंत हलक्या आवाजात स्तोत्रं आणि बोटांवर जप चालायचा. तेवढा वेळ मी तुझ्याशी बोलायचं नाही हा नियम. भाद्रपदातल्या एकादशीला, डोल ग्यारसला, तू मला ओढून हाटपिपल्याला नेलंस, पाण्यावर तरंगणारा दगडाचा नृसिंह दाखवायला. गर्दीत माझा हात घट्ट धरून म्हणालीस, ‘विश्वास नको ठेवूस हवं तर, पण बघ तरी.’ मी बघितलं. देवापेक्षा तुझा चेहराच जास्त बघितला. इतकं निखळ काहीतरी माझ्या वाट्याला आलेलं नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आजही वाटतं. हेच तर अवघड आहे, की तुझ्यावर रागवायला बसले की मध्येच असं काहीतरी आठवतं.

शाळेत प्रार्थना आधीपासून होतीच. आम्हाला शहाणं कर, बळ दे, अशा अर्थाची, कुठल्याच देवाचं नाव न घेणारी. मग नवे हेडमास्तर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त कुणालाही नाही म्हणणं त्यांना जमत नसे. गावातली चार वजनदार मंडळी त्यांच्याकडे आली. मुलं बिघडताहेत, संस्कार उरले नाहीत, सकाळी देवाची तसबीर ठेवून स्तोत्र आणि आरती होऊ द्या, शिक्षकांनी पुढं उभं राहून म्हणायची आणि मुलांनी मागून, असं त्यांचं म्हणणं. तीही माणसं वाईट नव्हती. शाळेचे पंखे त्यांनीच दिले होते, उन्हाळ्यात टँकर त्यांनीच पाठवला होता. हेडमास्तरांनी हो म्हटलं, आणि म्हणायचं कुणी, तर उज्ज्वला मैडमनी. तुझा आवाजच तसा होता.

त्या दिवशी बसमध्ये मला वाटलं तू खूश असशील. तू जप न करता बसली होतीस. मी विचारलं तेव्हा तू जे म्हणालीस ते मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलं आहे. म्हणालीस, ‘नंदा, मुलांच्या लेखी आपण म्हणजे हजेरी, मार्क आणि मार. आपण पुढं उभं राहून हात जोडा म्हटलं तर ती जोडणारच. पण त्याला प्रार्थना कशी म्हणायची? आणि माझा देव असा हजेरी घेऊन बोलावलेला मला नकोय.’

मी धर्म न मानणारी बाई, मला हे इतकं स्वच्छ कधी सुचलं नसतं. माझा विरोध पुस्तकातला होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही असं संविधानात लिहिलंय, बस, संपलं. तुझा विरोध देवघरातून आला होता, म्हणून मला तो माझ्यापेक्षा पक्का वाटला. इथंच मी चुकले.

आठ-दहा दिवस तू स्तोत्र म्हटलंस, कारण करायचं काय हे ठरत नव्हतं. मग एका दुपारी सातवीतली आफरीन माझ्याकडे आली. गावात शिवणकाम करणाऱ्या रफीकची मुलगी, वर्गात पहिली येणारी. वही पुढं केली, उदाहरण विचारण्याच्या निमित्तानं, आणि हळूच म्हणाली, ‘मैडम, मैं सिर्फ होंठ हिलाऊँ तो चलेगा?’

मी तिला म्हटलं, तू गप्प उभी राहिलीस तरी चालेल. ती म्हणाली, गप्प राहिलं तर दिसतं. होंठ हिलवले तर दिसत नाही. बारा वर्षांची पोर. तिनं सगळा हिशेब करून ठेवला होता.

मी तुला सांगितलं तेव्हा तुझे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात आपण अर्ज लिहिला, आसपासच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संकुल प्राचार्यांच्या नावे. लिहिला म्हणजे तू लिहिलास. माझी हिंदी कच्ची, धारला मराठी शाळेत शिकलेली मी. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या खोलीत बसून तू मसुदा केलास, तीनदा खोडलास. पूर्वीची प्रार्थना तशीच ठेवावी, भक्तीचं ज्याला जे म्हणायचं ते त्यानं घरी म्हणावं, शिक्षकांवर आणि मुलांवर सक्ती नसावी. सौम्य, नम्र, कुणाला लागू नये असा अर्ज. मी तो माझ्या अक्षरात उतरवला, कारण अक्षर माझं बरं. त्यात मी एक वाक्य घातलं, की सातवीच्या एका विद्यार्थिनीनं अशी अशी अडचण सांगितली आहे. तू म्हणालीस, हे काढ. मी म्हटलं, का काढू, खरं आहे ते. तू दोनदा म्हणालीस, काढ गं नंदा. मी काढलं नाही. मग आपण दोघींनी सह्या केल्या. तुझी आधी, माझी नंतर.

पुढं काय झालं हे तुला माहीत आहे, पण मला ते एकदा तुझ्यासमोर मांडायचं होतं.

अर्ज गावात फिरून आला. कुणी फिरवला ते कळलं नाही. सातवीतली अडचण असणारी विद्यार्थिनी कोण हे शोधायला कुणाला कष्ट पडले नाहीत, सातवीत मुसलमान मुलगी एकच होती. तिसऱ्या दिवशी रफीक शाळेत आला, दुकान बंद ठेवून, धुतलेला सदरा घालून. हेडमास्तरांच्या खोलीत चार लोकांसमोर म्हणाला, हमको कोई एतराज नहीं है साहब, बच्ची है, नासमझ है. आणि मग व्हरांड्यात माझ्यासमोरून गेला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तू त्या वाक्याबद्दल बरोबर होतीस, उजू. त्या पोरीला मी पुढं केलं, तिला न विचारता. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तू माझ्याशी जे वागलीस त्याच्या आड मी माझं हे लपवून ठेवलं होतं.

मग चौकशी. दोन अधिकारी आले, जीपमधून उतरले, चहा झाला. आपल्या दोघींना एकत्रच बोलावलं. मी अगदी निर्धास्त होते. मनात म्हणत होते, उजू बोलेल, ती बोलली की कुणी काही म्हणू शकणार नाही, तिच्याइतकं देवाचं करणारं या तालुक्यात कोण आहे. अधिकाऱ्यानं अर्ज पुढं सरकवला आणि तुला विचारलं, ‘मैडम, आपने पढ़कर दस्तखत किए थे?’

तू पदर सारखा केलास. म्हणालीस, ‘नहीं सर. नंदा मैडम ने कहा था, लड़कियों के टॉयलेट की मरम्मत का आवेदन है. मैंने बिना पढ़े कर दिए.’

मी तुझ्याकडे बघितलं. तू टेबलावरच्या बशीकडे बघत होतीस, बिस्किटांच्या. आवाज जरासुद्धा हलला नव्हता. तोच आवाज, रोज सकाळी लागायचा तो. मला वाटलं, आता थांबेल, आता पुढचं बोलेल. अधिकारी माझ्याकडे वळले. विचारलं, हे खरं आहे का. तुझ्या हातचा कच्चा मसुदा माझ्या पर्समध्ये होता, तीन खाडाखोडींसकट. पर्स मांडीवर होती. मी तिच्या चेनवर हात ठेवला आणि तिथंच राहिला तो. तुला तिथं, त्या माणसांसमोर, उघडं पाडणं मला जमलं नाही. मी म्हणाले, अर्ज माझा आहे. एवढंच. तो मसुदा पुढं कन्नौदकडे बदली झाल्यावर एका रविवारी मी फाडून टाकला, आणि फाडल्यावर पस्तावले.

त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये चढले तर तुझ्या शेजारच्या जागेवर पर्स ठेवलेली होती. माझ्यासाठी. तू ती उचललीस आणि खिडकीकडे सरकलीस, जणू काही झालंच नव्हतं. मी देवासपर्यंत उभी राहून आले. एकदा तू म्हणालीस, बस ना, पाय दुखतील. मी पुढच्या दाराकडे सरकले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

महिन्याभरात माझी बदलीची ऑर्डर निघाली. कन्नौदच्या पलीकडे, घाट उतरून आत. रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं, खोली घ्यावी लागली. माझ्या मुलाची दहावी मी फोनवरून काढली. यजमानांनी स्वयंपाक शिकून घेतला. कुणी मला उघड दोष दिला नाही, पण घरात येणारा प्रत्येक जण विचारायचा, की असं काय लिहिलं होतंस अर्जात. आणि सासरच्या एका लग्नात एक वन्सं म्हणाल्या, अगं, देवाचं नाव घ्यायला काय जातं आपलं? मी त्यांना काय सांगणार होते? ज्या बाईनं मला ते समजावलं होतं, तीच सही न वाचता केली म्हणाली.

तुझ्याबद्दल बातम्या यायच्या. तू स्तोत्र रोज म्हणतेस. गावकरी तुला फार मानतात. छब्बीस जनवरीला तुझा सत्कार झाला, शाल-श्रीफळ. मी तो फोटो मोठा करून बघितला होता. शाल एका खांद्यावरून घसरलेली, आणि तू हसत नव्हतीस. त्यावरून मी काय काय अर्थ काढले! ती दुःखी आहे, तिला पश्चात्ताप आहे, ती उद्या फोन करील. उजू, फोटोत तू कधीच हसायची नाहीस, पुढचा दात तुटका म्हणून. हे मला ठाऊक असून मी स्वतःला फसवत होते.

एकदाच भेटलो, धारला, माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात. तू नवऱ्यामुलाकडून आली होतीस. पंगत उठल्यावर हात धुताना समोरासमोर आलो. तू म्हणालीस, बारीक झालीस. मी म्हणाले, डोंगर चढावा लागतो. मग तू आपणहून विषय काढलास. म्हणालीस, मुलं आता शांत उभी राहतात. त्यांच्या आया येऊन सांगतात, घरी पण म्हणतात. ‘आपण दोघी तेव्हा उगाच फार विचार केला गं नंदा. चार ओळी देवाच्या. कुणाचं काय वाईट झालं?’

मला तेव्हा बोलायचं होतं ते असं. तुझं मत बदललं असेल तर बदलू दे. माणसाचं बदलतं. त्यावर मी तुझ्याशी जन्मभर भांडले असते आणि तरी तुझ्या शेजारी बसले असते. तू त्या खोलीत म्हणाली असतीस, सर, तेव्हा मला तसं वाटत होतं, आता वाटत नाही, तरी मी ते गिळलं असतं. तू भीतीनं गप्प राहिली असतीस तरी चाललं असतं. भावोजींची पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी तेव्हा डळमळत होती, तुझ्या केतकीचं कॉलेज होतं, मी काय दगड होते? पण तू गप्प राहिली नाहीस. मी तुला फसवून सही घेतली असं तू सांगितलंस. टॉयलेटची मरम्मत! इतकं बारीक, इतकं पटणारं खोटं तुला ऐन वेळी सुचलं नसणार. ते तू आदल्या रात्री घरून तयार करून आणलंस, आणि सकाळी माझ्यासाठी जागा धरलीस.

हे मी बोलले नाही. नळ बंद केला, रुमाल काढला आणि म्हणाले, उशीर होतोय, बस चुकेल. आपलं शेवटचं बोलणं बसविषयी झालं.

मागच्या सोमवारी शाळेत तुझी शोकसभा होती. मी रजा टाकून आले. अडीच वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवला. मुलं ओळीत उभी, तसबिरीशेजारी तुझा फोटो, झेंडूचा हार. जुने विद्यार्थीही आले होते. हेडमास्तर माझ्याकडे आले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, डोळे लाल होते. म्हणाले, ‘मैडम, शांतिपाठ आप ही करवा दीजिए. आप ही तो उनके सबसे नज़दीक थीं.’

माझ्यावर उपकार करावे, जुनं विसरावं, असंच त्यांच्या मनात होतं. मी पुढं गेले. मुलं हात जोडून तयार झाली, मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. किती सवयीनं जुळले ते हात, उजू. मी म्हणाले, आपण दोन मिनिटं गप्प उभं राहू. ज्याला मनात जे म्हणायचं ते म्हणा. नाही म्हटलं तरी चालेल. दोन मिनिटं झाली, मी बाजूला झाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, मैडम अजून तशीच आहे. मग दुसऱ्या सरांनी शांतिपाठ घेतला.

आफरीन भेटली. आता नववीत, हाटपिपल्याला जाते, माझ्याएवढी उंच. तिनं मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी गेल्यावर तू रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी तिला कामाला पाठवायचीस. आज टाकीचं झाकण बघून ये, आज खडूचा डबा आण, आज नळ चालू आहे का बघ. पावणेदोन वर्षं. तिच्याबरोबर पुढं पुढं आणखी दोन मुलं. कुणाला काही न बोलता. हेडमास्तरांना कळत होतं, तेही बोलले नाहीत.

मी म्हणाले, म्हणजे मैडमनी तुला सांभाळलं. आफरीन म्हणाली, हाँ मैडम, दिल की अच्छी थीं. पण मला ते आवडायचं नाही. पाणी भरलेलं असायचं, खडू असायचे, सगळ्यांना ठाऊक होतं मला का पाठवतात. मैं टंकी के पीछे खड़ी रहती थी, आवाज़ बंद होने तक.

तू तिचे ओठ वाचवलेस आणि तिला टाकीमागे उभं केलंस. मी तिचं नाव न लिहिता तिला गावासमोर उभं केलं. तिनं फक्त मला एक प्रश्न विचारला होता. तिला काय हवं आहे हे आपण दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. हे तुझ्याशी बोलायला हवं होतं गं. याच्यावर आपण देवास येईपर्यंत भांडलो असतो.

आणि तरी माझा राग कमी होत नाही. उलट वाढला. म्हणजे तुझ्या मनात ते सगळं जागं होतं. तुझं मत बदललंच नव्हतं. धारला तू मला सांगत होतीस कुणाचं काय वाईट झालं, आणि सकाळी त्या पोरीला टाकीकडे पाठवत होतीस. एका मुलीसाठी तुला रोज नवं काम सुचत होतं. मी डोंगरापलीकडे बसले होते, मला एक फोन करणं तुला सुचलं नाही?

परवा तुझा तेरावा झाला. गेले. तुझ्या देवघरासमोर बायका बसल्या होत्या, स्तोत्रं चालली होती, तुझ्याच सुरात लावायचा प्रयत्न करत होत्या. मीही म्हटलं. सगळं म्हटलं. अकरा वर्षं बसमध्ये तुझ्याशेजारी बसून मला पाठ झालं होतं. कुणी म्हण म्हटलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. रडले ते तिथंच.

जेवणं झाल्यावर केतकी माझ्याजवळ येऊन बसली. इंदूरला फार्मसी करते, तुझेच डोळे, तुझ्यासारखीच मान तिरकी करून बोलते. भावोजी समोर सुपारी कातरत होते. केतकी म्हणाली, ‘मावशी, एक विचारू? आई म्हणायची, नंदानं खुद ट्रान्सफर मागून घेतला. तू का गेलीस? आई तुझी इतकी याद काढायची, आणि तू एकदा पण नाही आलीस.’

सुपारी कातरायचा आवाज थांबला. भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच अडकित्त्याकडे. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

घरातसुद्धा, उजू? मुलीलासुद्धा? मला वाटलं होतं खोटं तू त्या एका खोलीत बोललीस, बिस्किटांच्या बशीसमोर, घाबरून. तू ते घरी आणलंस, पोरीला भरवलंस, आणि त्यात मी तुला सोडून गेलेली बाई झाले. अडीच वर्षं ही मुलगी माझ्यावर रागावून आहे, आणि तरी पाहुण्यांत मला शोधून माझ्या ताटात पुरणपोळी वाढत होती.

एका वाक्याचं काम होतं. तिची आई गेली त्याला तेरा दिवस झाले होते. मी म्हणाले, ‘हो गं बाळा, मीच मागितली होती. कन्नौदकडे गणिताला कुणी नव्हतं. यायला हवं होतं मी, चुकलंच माझं.’ तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. भावोजी उठून आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत. निघताना त्यांनी माझ्या पायांना हात लावला. वयानं मोठे आहेत ते माझ्याहून. मी मागे सरकले.

घरी आले आणि हे लिहायला बसले. दोन दिवस लिहितेय. कुठं तरी खरं असायला हवं, एका कागदावर तरी, आणि केतकीच्या हाती लागलं तर काय, ही धास्तीही होतीच. ती मराठी छान बोलते, पण वाचायला दिलं की चार ओळींत थकते, आजीची पत्रंसुद्धा भावोजींकडून वाचून घेते. अक्षरं हिंदीचीच आहेत. नेट लावून बसली तर तिला लागेलही एखाद्या दिवशी. हिंदीत लिहिलं असतं तर तिनं पाच मिनिटांत वाचलं असतं.

मी मराठीत लिहिलं आहे.

नंदा